आईच्या डाव्या हाताची जागा

ऑकलंड
मंगळवार, ७ जुलै २०२०

तेवढ्यात तू खड्ड्यात उतरलास. इसिकेली कुदळ टेकवून घाम पुसत होता. तू रस्ता ओलांडून आलास, बुटक्या भिंतीवरून पाय टाकलास आणि त्याच्या बायकोसाठी खणलेल्या खड्ड्यात उडी मारलीस. कमरेइतका खोल खड्डा. चर्चची काळी पँट, पॉलिश केलेले बूट. आत उभा राहून हाताची घडी घातलीस. साठ वर्षांचा माणूस.

हे मला इसिकेलीने सांगितलेलं नाही. तो माझा भाडेकरू आहे, चहाडखोर नाही. नूरोआने सांगितलं. नवऱ्याचं हे सगळं सांगताना तिला आधी हसू येत होतं. मग हसू थांबलं.

पास्टर काठावरून म्हणाले, "तामातोआ, वर ये. मी एकीसाठीच प्रार्थना तयार केली आहे."

तू म्हणालास, "मग वाचून टाका, मी इथून ऐकतो. पण हे आमच्या घराण्याचं अंगण आहे. भाडेकरूंचं कब्रस्तान नाही."

चाळीस मिनिटं तू उभा होतास. वर ओसरीवर लितिया होती, पांढऱ्या चादरीखाली, आणि माश्या वारायला शेजारच्या बायका. मग नूरोआ तुमच्या घरातून गोधडी घेऊन आली. जास्वंदीच्या नक्षीची, लाल, चार वर्षं शिवलेली. तिने ती न विचारता लितियाला गुंडाळली. तुझ्याच घरची गोधडी, घरच्याच मयताला देतो ती. तेव्हा तू वर आलास. कोणी हातही दिला नाही, असं तू आता गावभर सांगतोस. हात इसिकेलीने दिला होता. ज्याच्या बायकोची वाट तू अडवलीस, त्यानेच तुला वर ओढून घेतलं.

आता माझं ऐक.

परवानगी मी दिली. शनिवारी त्याचा फोन आला. म्हणाला, "आंटी, लितिया गेली. फिजीला विमान नाही. कधी सुरू होईल कोणी सांगत नाही. शवागारवाले आणखी ठेवायला तयार नाहीत. तिला कुठे ठेवू?"

बेटावरच्या सरकारी दफनभूमीत जागा आहे, हे मला ठाऊक होतं. पण तिथे लितियाचं कोणी नाही. मी म्हटलं, "आईच्या डाव्या हाताला. भिंतीलगत."

तो म्हणाला, "आंटी, ती तर तुमची जागा."

"कोणाची ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "खण."

तेव्हा तुझी कसली जागा गेली, तामातोआ? तुझ्या बापाचं काय गेलं? तुझा बाप माझाही बाप. तो दोन हातांवर तिथेच आहे आणि त्याने काही तक्रार केल्याचं ऐकलेलं नाही.

पत्र इसिकेलीच्या हाती पाठवते आहे. माझा फोन आला की तू ठेवून देतोस. पत्रं मात्र फाडत नाहीस, छपराच्या वाशात खोचून ठेवतोस, असं कळतं. हेही खोच.

तुझी बहीण
तेपाएरू


ऑकलंड
गुरुवार, २३ जुलै

घर घराण्याकडे परत मिळावं म्हणून तू न्यायालयात केलेल्या अर्जाची प्रत मिळाली. आठवड्याच्या कार्गो विमानाने आली, पपयांच्या खोक्यांबरोबर. पाकिटाला वास येत होता. वाचायच्या आधी मी बराच वेळ नुसता वास घेतला. मग वाचलं.

तू लिहितोस की घर घराण्याच्या जमिनीवर आहे आणि माझ्याकडे ते फक्त वापरापुरतं दिलं होतं. खरं आहे. पाच वादळांच्या वर्षी घर उडालं. उरल्या त्या बाबांनी ओतलेल्या सिमेंटच्या पायऱ्या. बाकीचं मी इथल्या लाँड्रीत चादरी धुऊन उभं केलं. म्हणून सगळ्यांनी सह्या करून ते मला दिलं. माझा परतण्याचा इरादा असेल तोवर. तुझी सही तिसरी आहे, सुबक आहे.

तू लिहितोस की मी बत्तीस वर्षं परदेशात आहे, म्हणजे घर टाकलं. टाकलेलं घर कसं दिसतं ते तुला मागच्या खिडकीतून रोज दिसतं. पोकोआचं घर. मुलं सगळी सिडनीला. वेलींनी छप्पर खाल्लं, नीरफणस खिडकीतून आत गेला, निजायच्या खोलीत कोंबड्या. माझ्या घराच्या काचा पुसलेल्या आहेत. तुला तुझं तोंड दिसेल इतक्या.

आणि तू लिहितोस की परक्याला इतकी वर्षं ठेवणं हा धोका होता.

हा धोका तू मला आधीच सांगितला होतास. अकरा वर्षांपूर्वी, आईला पुरून आल्यावर, त्याच ओसरीवर. परका माणूस नळ काढून नेईल. दारं विकेल. चुलतभाऊ बोलावेल, चुलतभाऊ मेहुणे बोलावतील. भाडं थकवून एके दिवशी बोटीत बसेल, आणि "घरमालकीणबाई, तुम्ही तिकडे लोकांच्या चादरी पिळत बसाल." तुझे शब्द. यातलं एकही झालं नाही. झालं ते भलतंच, आणि ते तुलाही सुचलं नव्हतं, मलाही नाही. त्याची बायको मेली.

परकाच का निवडला, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. परक्याला 'जा' म्हणता येतं. आपल्या माणसाला म्हणता येत नाही. आपल्याकडे नातलग घरात शिरतो तो पाहुणा म्हणून. मग तो राखणदार होतो. मग एकदा तुम्ही सुट्टीला येता आणि तो विचारतो, किती दिवस राहणार? लेकीच्या, तियारेच्या, लग्नासाठी तुला ते घर हवं होतं. मला माहीत होतं. म्हणूनच मी आईला पुरल्यावर तिसऱ्या आठवड्यात इसिकेलीशी करार केला. पुन्हा वाच. म्हणूनच.

त्यावर तू म्हणालास, "हिने घर नाही, आईला भाड्याने दिलं." आणि त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी बोलला नाहीस.

तुझं तेही अर्धं खरं होतं. करारातलं चौथं कलम तू अर्जाला जोडलंयस. मला ते पाठ आहे. "भाडेकरूने अंगणातील थडग्यांना दर नाताळाआधी चुना लावावा, रविवारी फुलं ठेवावीत, थडग्यांवरून कपड्यांची दोरी बांधू नये व डुकरं येऊ देऊ नयेत." वकील म्हणाला होता, "असलं कोणी करारात घालत नाही. ही कामं घरच्यांची असतात." मी म्हटलं, घाला.

घरच्यांची होती म्हणूनच घातलं. तू चुन्याची बादली घेऊन माझ्या फाटकातून आत येऊ नयेस म्हणून. अकरा वर्षं दर डिसेंबरात तू समोरच्या ओसरीवरून बघितलंस, फिजीचा एक माणूस तुझ्या आईला चुना लावतो. बघावंस, हीच माझी इच्छा होती.

पण मला काय ठाऊक की तो इतका चांगला लावेल. त्याने थडग्यांवर पत्र्याचं छप्पर घातलं, ते कलमात नव्हतं. लितिया संध्याकाळी तिथे बसून आईला बाजारातल्या बातम्या सांगायची, तेही नव्हतं. आता गाव म्हणतं, थडगी जो राखतो तो त्या जागेचा माणूस. तुझ्या अर्जाचा सगळा भार याच वाक्यावर आहे. आणि ते कलम मी लिहिलं. माझ्या हाताने, तुझ्यावरच्या रागाने. घर भाड्याने देणाऱ्या कोणी मला विचारलं की करारात काय घालू नये, तर मला एकच उत्तर येतं.

तियारे काल आली होती. तुझी मुलगी माझ्यापासून दोन रस्ते सोडून राहते आणि मला गाडीने नेते-आणते, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. अर्ज वाचून म्हणाली, "आत्या, परवानगी फोनवर दिलीत ना? कागद आहे का काही?"

"नाही."

"मग सांगा, मी हो म्हटलंच नव्हतं. त्याने आपल्या मनाने खणलं. म्हणजे करार त्याने मोडला. तो घर सोडेल, बाबांचा अर्ज पडेल, घर तुमचं तुमच्याकडे. सगळे मोकळे."

"आणि लितिया?"

"तिला हलवतील. सरकारी जागेत."

"कोण हलवेल?"

ती चमच्याने चहा ढवळत राहिली. त्यात साखर नव्हती.

तेव्हा लक्षात ठेव, तुला हरवायचा सोपा रस्ता माझ्याकडे आहे. तुझ्याच मुलीने दाखवलेला. मी तो घेणार नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मी एकदा 'खण' म्हटलं, ते माझं बोलणं आहे, आणि ते मी कोणत्याही न्यायालयात परत घेणार नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी घरी नसते. फोन करायचा झालाच तर इतर दिवशी कर. अक्षर वाकडं आलंय कारण डाव्या हाताने कागद दाबून धरता येत नाही. त्या हाताला जड काही चालत नाही आता. लाँड्रीतलं दुखणं.

तेपाएरू


ऑकलंड
गुरुवार, १३ ऑगस्ट

काल सुनावणी झाली. तुमच्याकडे मंगळवार, सकाळचे दहा. इथे बुधवार, सकाळचे आठ. तारीख ठरवताना मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बुधवार नको म्हटलं असतं.

तू तिथे समोर उभा होतास. मी टेबलावरच्या एका फोनमध्ये होते. तरी माझा आवाज तुझ्यापेक्षा मोठा होता, असं नूरोआ म्हणते.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "या दफनाला तुम्ही परवानगी दिली होती?"

"दिली."

"लेखी?"

"तोंडी."

तियारे माझ्याशेजारी बसली होती. तिने डोळे मिटले.

"कुटुंबाला विचारलंत?"

"कुटुंब माझ्याशी अकरा वर्षं बोलत नाही, बाई. विचारणार कसं?"

मागे कोणीतरी हसलं. तुझीच बायको असणार.

मग तू. "बाई, हिला विचारा की स्वतःच्या आईला भाड्याने देताना तरी कोणाला विचारलं होतं का! घर, ओसरी, नीरफणसाचं झाड आणि आई. सगळं करारात आहे. चौथं कलम वाचा."

"वाचलं आहे," त्या म्हणाल्या.

"मग? आई आमची, राखतो कोण? हा! उद्या याची पोरं म्हणतील, आमची आई इथे आहे, आम्ही जाणार नाही. तेव्हा काय करायचं? हाडं एकदा जमिनीत गेली की ती भाडेकरूची राहत नाहीत."

मी म्हटलं, "त्याला पोरं नाहीत, तामातोआ."

"हे तू सांगू नकोस! तू तिथे, तुला काय कळणार!"

"नाहीत. लितियाला होत नव्हती. इतकी वर्षं समोर राहतोस, तुला एवढंही कळलं नाही?"

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग बाईंनी मला विचारलं ते महत्त्वाचं होतं. तुझ्या अर्जात तेवढंच महत्त्वाचं आहे. "तुमचा परतण्याचा इरादा आहे का?"

"आहे."

"केव्हा?"

"विमानं सुरू झाल्यावर."

"राहायला?"

"कायमची."

मी खोटं बोलले नाही. कशी येणार, ते त्यांनी विचारलं नाही.

त्याच वेळी मशीन वाजायला लागलं. तीन शिट्या, मग थांबून तीन शिट्या. आणि तू विचारलंस, "तो आवाज कसला?"

अकरा वर्षांनी तू मला थेट विचारलेला पहिला प्रश्न.

"मशीन आहे. लाँड्रीतलं."

"सुनावणीच्या दिवशीही कामावर?"

"सगळ्यांची जमीन समोर नसते."

"रजा देत नाहीत?"

"देतात. मला नको."

"हट्टी बाई."

"आईवर गेले."

"आपसात बोलू नका," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि आपण दोघंही एकदम गप्प झालो. लहानपणी चर्चमध्ये व्हायचो तसे.

निकाल लागला नाही. सीमा उघडल्या की त्या स्वतः येऊन अंगण बघणार, मला समोर उभं करून ऐकणार, मग ठरवणार. तोवर आहे तसं. इसिकेली घरात, लितिया आईपाशी. बाहेर पडताना तू नूरोआला म्हणालास, "येते कसली. ती तिकडेच मरेल."

हे तिने मला सांगायला नको होतं. पण सांगितलं.

इथे काल दुपारपासून शहर पुन्हा बंद झालं. रस्त्यांवर पोलीस. तियारेने मला न्यावं म्हणून हॉस्पिटलने तिला चिठ्ठी दिली आहे. ती काल अळूची भाजी घेऊन आली होती, नारळाच्या दुधातली, तुझ्या परसातून आणलेल्या कंदांची रोपं तिने इथे कुंडीत लावली आहेत. मला ती चालत नाही सध्या. झाकण काढून वास घेतला आणि परत दिली.

तेपाएरू


ऑकलंड
शनिवार, २९ ऑगस्ट

तो आवाज लाँड्रीतल्या मशीनचा नव्हता.

लाँड्री मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत सोडली. दोन्ही मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता मला खुर्चीत बसवतात, डाव्या हातात दोन सुया घालतात, माझं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत देतात. पाच तास. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, आता ते मला धुतात. सुनावणीला मी त्या खुर्चीतून बोलत होते. हात हलला म्हणून ते वाजलं. 'कायमची' म्हणताना हलला.

तियारेला काही बोलू नकोस. मी तिला आईची शपथ घातली होती.

आपल्या बेटावर हे मशीन नाही. हे तुला ठाऊक आहे, पास्टरांच्या बहिणीलाही त्याचसाठी इकडे यावं लागलं होतं. मशीन सोडून मी विमानात बसले तर एक आठवडा, फार तर दहा दिवस. डॉक्टरला विचारून ठेवलं आहे. म्हणजे मी येणार, पण चालत येणार नाही. न्यायाधीशबाईंना मी जे सांगितलं ते शब्दाशब्दाने खरं आहे.

आता तू म्हणशील, मग जागा का दिलीस?

पुष्कळदा स्वतःला विचारलं. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की मी ताडकन 'खण' म्हटलं. तसं झालं नव्हतं. शनिवारी त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, थोड्या वेळाने सांगते. फोन ठेवला. घरी बसून मी मनातल्या मनात अंगण मोजलं. भिंत, माझी जागा, आई, बाबा, पायऱ्या. दोनदा मोजलं. दुसरी जागा निघाली नाही. मला सरकारी दफनभूमी आठवली, तिथे तिला पाठवावं असं मनात आलं, आणि तसं सांगायला मी फोन हातातही घेतला होता. पण आईच्या शेवटच्या तीन महिन्यांत मी नव्हते. लितिया तेव्हा तुमच्या गल्लीत नवी होती, माझी भाडेकरूही नव्हती, आणि आईला अंघोळ घालायला रोज यायची. तू ते कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. नूरोआने सांगितलं, तेही आई गेल्यावर वर्षाने. मग मी इसिकेलीला फोन लावला.

हे वाचून तुला माझी दया येईल. येऊ देऊ नकोस. दया घेऊन मी त्या फाटकातून आत येणार नाही. आणि अर्ज मागे घेऊ नकोस. घेतलास तर मी समजेन की तू माझ्याशी नाही, एका मशीनशी हरलास. लढ. तुला वाटतं घर घराण्याकडे यावं, तर तसं म्हण. मला वाटतं ते माझं आहे आणि त्यात कोणी राहायचं ते मी ठरवीन. मेल्यावरही. न्यायाधीशबाई अंगण बघायला येतील तेव्हा मी तिथेच असेन. त्यांनी मला पुन्हा विचारावं, परतण्याचा इरादा आहे का.

त्यासाठी मला जागा लागेल.

बाबांच्या उजव्या हाताला पायऱ्या आहेत. पाच. खालच्या फोड. त्या बाबांनी ओतल्या होत्या, तुला जड जाईल, मला माहीत आहे. वादळाने नेल्या नाहीत त्या मी नेते. बाबांशी माझं कधी पटलं नाही. आता भरपूर वेळ मिळेल.

करारानुसार घराच्या बांधकामात बदल करायला मालकिणीची लेखी परवानगी लागते. ही ती लेखी परवानगी. वर तारीख आणि खाली सही आहे. तोंडी कामाने एकदा गोंधळ झाला.

खणायचं तू. इसिकेलीने नाही. आपल्या घरची थडगी त्याने अकरा वर्षं राखली आणि स्वतःचं एक खणलं, त्याला पुरे. तोंड उघडून त्याला हे सांगायची लाज वाटली तर सांगू नकोस, नुसती कुदळ घेऊन जा.

माप घ्यायला टेपची गरज नाही. आत उतर, तुला सवय आहे. आई दाराच्या चौकटीवर खडूने उंचीच्या रेघा मारायची तेव्हा तू पंधराव्या वर्षी मला गाठलंस आणि मग तिथेच थांबलास. आपण एका लांबीचे आहोत. आडवा पडून बघ. माझे पाय कशाला टेकता कामा नयेत.

आणि चौथं कलम आजपासून रद्द. या डिसेंबरात चुना तू लाव.

तेपाएरू
घरमालकीण


शनिवार, १२ सप्टेंबर

आंटी,

तुमचं पत्र काल दुपारी विमानाने आलं. मी लगेच अंकलच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्याने वाचलं, मग पायरीवर बसून वाचलं.

आज सकाळी साडेसहाला ते आपली पहार आणि कुदळ घेऊन आले. म्हणाले, "चहा नको." मी विचारला नव्हता. नऊ वाजेपर्यंत त्यांनी खालच्या तीन पायऱ्या फोडल्या. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तू बाजूला हो, तुझं कलम रद्द झालंय." मग त्यांनी खणलं. दुपारी एकदा आत उतरून आडवे झाले. नूरोआ आंटी काठावर उभ्या होत्या. अंकल आतून म्हणाले, "अजून वीतभर हवं," आणि वीतभर वाढवलं.

खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत, कोंबड्या पडू नयेत म्हणून. अर्ज मागे घेतलेला नाही, तो तसाच आहे, असं त्यांनी तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

मी आता स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करतो.

इसिकेली